भिंतीवरचं जेरुसलेम: सात महिन्यांनंतर

माइन्झचा धर्माधिकारी बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख १४८३ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेला निघाला, तेव्हा त्यानं उट्रेख्टचा चित्रकार एरहार्ट रॉयविखला सोबत नेलं. १४८६ मध्ये त्या यात्रेचं पुस्तक छापून निघालं. त्यातला रॉयविखनं काढलेला पवित्र भूमीचा, मधोमध जेरुसलेम असलेला घडीचा नकाशा मी मोफत मिळालेल्या स्कॅनवरून मूळ आकारात, म्हणजे सव्वा मीटरच्या वर, छापून घेतला.

पहिली प्रत वाया गेली. दुकानदारानं ‘कागदात बसत नाही’ म्हणत दोन्ही कडा छाटल्या. डावीकडचं दमास्कस गेलं, उजवीकडचं अलेक्झांड्रियाही. दुसरी मॅट कागदावर काढली. चकचकीत कागद घेऊ नका, ट्यूबलाइट चमकते आणि बारीक रेघा दिसत नाहीत.

पहिले दोन महिने मी वैतागलो होतो. भूमध्य समुद्र खाली, म्हणजे पूर्व वर आणि उत्तर डावीकडे. पण त्या हिशोबानं शहरात शिरलं की काहीच जुळेना. सोनेरी घुमट (डोम ऑफ द रॉक) शहराच्या पूर्वेला, म्हणजे लांब, वरच्या अंगाला हवा. इथे तो अगदी पुढ्यात! एकदा सहज मोबाइलवरचा नकाशा उलटा धरला आणि उलगडलं. आजूबाजूचा मुलूख पश्चिमेकडून काढलाय, शहर मात्र पूर्वेच्या जैतून टेकडीवरून. एकाच कागदावर दोन दिशांनी पाहिलंय, आणि जोड कुठे दिसत नाही.

घुमटाचं आवार ख्रिस्ती यात्रेकरूंना बंद होतं. नकाशात त्यावर नाव ‘सॉलोमनचं मंदिर’; इमारत सातव्या शतकातली, इस्लामी. पवित्र समाधीच्या, म्हणजे येशूच्या समाधीच्या, चर्चचं दार खरं दक्षिणेला आहे, टेकडीवरून ते दिसणारच नाही. रॉयविखनं ते सरळ आपल्याकडे वळवलं. आई म्हणाली, “बरोबरच आहे की! देवळाच्या तसबिरीत दार समोरच नको का?” माझे दोन महिने तिनं एका वाक्यात निकालात काढले.

अंतरं मोजायला हा नकाशा निरुपयोगी: शहर अवाढव्य, बाकी मुलूख अंग चोरून बसलेला. अक्षरं गॉथिक वळणाची, लॅटिन, भिंग हवंच. आणि विश्वास जरा बेतानं ठेवा. याच पुस्तकात ‘पवित्र भूमीत पाहिलेले प्राणी’ म्हणून जिराफ, मगरीसोबत एकशिंगी घोडाही आहे.

आता त्याच पुस्तकातलं व्हेनिस छापायचंय. ते दीड मीटरहून लांब आहे, त्यासाठी कपाट हलवावं लागणार. घरात अजून सांगितलेलं नाही.