सर्दीत मूल जेवत नाही: आधी नाक की आधी घास?

दीड-दोन वर्षांचं मूल भुकेनं किरकिरतं, घास घेतं, दोनदा चावतं आणि थुंकून टाकतं. तोंडाची चव गेली असं आपण म्हणतो, आणि ते खोटं नाही. वास येत नसला की चवही धड कळत नाही. पण खरी अडचण श्वासाची असते. नाक चोंदलं की मूल तोंडानं श्वास घेतं, आणि तोंडात घास असला की तीही वाट अडते. म्हणून पदार्थ बदलत बसण्याआधी नाक बघावं.

नाक मोकळं करायचं कशानं?

सर्वात सोपे सलाईनचे थेंब, म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. मुलाला उताणं झोपवून प्रत्येक नाकपुडीत २-३ थेंब टाकावेत, मिनिट-दोन मिनिटं थांबावं आणि सैल होऊन बाहेर आलेला शेंबूड पुसून घ्यावा. नाक नुसतं वाहत असेल किंवा आत पापुद्रे धरले असतील तर बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. साधं पाणी मात्र नाकात झोंबतं.

शेंबूड घट्ट असेल तर थेंबांनंतर तो ओढून काढावा लागतो. त्यासाठी रबरी बल्ब किंवा नळीचं उपकरण मिळतं. बल्ब आधी बाहेरच दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावून हळूहळू सोडायचा. घाईत बरेचजण टोक आत घालून मग दाबतात, त्यामुळे शेंबूड उलट आत ढकलला जातो. टोक मधल्या पडद्याला घासलं तर रक्तही येतं. शिवाय बल्ब आतून स्वच्छ झाला की नाही हे दिसत नाही, आणि ओल राहिली की बुरशी धरते.

नळीच्या उपकरणात मोठ्या माणसानं तोंडानं ओढायचं असतं. ऐकून किळस वाटते, पण मध्ये फिल्टर असतो, त्यामुळे शेंबूड तोंडापर्यंत येत नाही. ओढ किती द्यायची हे आपल्या हातात राहतं आणि पारदर्शक भाग नीट धुता येतात. अडचण एकच, मूल स्थिर राहत नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं ओढायचं. फिल्टर प्रत्येक वापरानंतर बदलावा.

निवडायचं झालं तर आधी थेंब, तेवढ्यानं भागलं नाही तर नळी, बल्ब शेवटी. ओढणं दिवसातून ३-४ वेळांपेक्षा जास्त नको, नाकाची आतली त्वचा सुजते आणि नाक आणखी चोंदतं. हे सगळं जेवणाच्या १०-१५ मिनिटं आधी उरकावं. जेवायच्या खुर्चीत बसवून केलं तर रडण्यानं नाक पुन्हा भरतं, वर मूल त्या खुर्चीलाच घाबरायला लागतं. गरम पाण्याचं भांडं समोर ठेवून वाफ देणं टाळावं. या वयात भाजण्याचा धोका मोठा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

बाटली, स्ट्रॉ की उघडा पेला?

इकडे फारसं लक्ष जात नाही. बाटली किंवा स्ट्रॉ ओढायला ओठ मिटावे लागतात, म्हणजे श्वास नाकानंच घ्यावा लागतो. दोन घोट घेऊन मूल तोंड काढतं ते यामुळे. सर्दीपुरता उघडा छोटा पेला किंवा चमचा बरा. सांडेल, हरकत नाही. अंगावर पिणाऱ्या मुलाला नाक साफ करून थोडं थोडं, पण जास्त वेळा पाजावं.

पातळ की मऊ?

पातळ सूप गिळायला सोपं आणि त्यातून पाणीही जातं. पण त्यानं पोट लवकर भरतं आणि ताकद थोडीच मिळते. मऊ भात, कुस्करलेलं केळं, दही किंवा मऊ शिजवलेलं अंडं यांतून तेवढ्याच चमच्यांत जास्त पोषण जातं. पहिले दोन-तीन दिवस खाणं कमी झालं तरी चालतं, पाणी कमी व्हायला नको. घसा दुखत असेल तर आंबट फळं झोंबतात. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलाला देऊच नये, घशात अडकतात.

दुधानं कफ वाढत नाही. लाळेत मिसळून ते घशात दाट वाटतं, इतकंच. पण जेवणाच्या अर्धा तास आधी पेलाभर दूध दिलं तर जेवण उडणारच, सर्दी असो वा नसो.

आग्रह करायचा की सोडून द्यायचं?

सोडून द्यावं. गिळलेल्या कफानं आधीच मळमळत असतं. त्यात घास कोंबला की खोकल्याची उबळ येते आणि खाल्लेलं सगळं बाहेर. शिवाय सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते, पण जबरदस्तीची धास्ती पुढेही टिकते. दर दोन-अडीच तासांनी ३-४ चमचे समोर ठेवावेत आणि २० मिनिटांत ताट उचलावं. उलटी झालीच तर १५-२० मिनिटं थांबून चमचा-चमचा पाणी सुरू करावं.

मूल गिळतानाच रडत असेल आणि कान ओढत असेल तर कान तपासून घ्यावा. आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, ताप तीन दिवसांपेक्षा जास्त टिकला, तर डॉक्टरांकडे न्यावं. मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा. ते एक ते पाच वर्षांचं असून श्वास ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर जेवणाचा विचार बाजूला ठेवून लगेच निघावं.