८ इंची डबल डायफ्रॅम ब्रेक बूस्टर: माल चांगला, सोबतचा कागद बिनकामाचा

बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा, उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही पाचपैकी तीनच गुण देतोय, आणि कापलेले दोन्ही गुण अर्ध्या मिलिमीटरपायी. बूस्टरच्या तोंडातून बाहेर येणारा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा (पायाचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) पिस्टन यांच्यात जी फट ठेवावी लागते, तिचा किटसोबतच्या कागदात एका शब्दानेही उल्लेख नाही. क्रोम कशाने पुसायचं यावर मात्र सविस्तर मार्गदर्शन आहे.

गाडी साठच्या दशकातली, मुळात चारही चाकांना ड्रम. पुढे डिस्क आणि सोबत दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला की बूस्टरशिवाय भागत नाही. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो, डिस्कमध्ये ही फुकटची मदत मिळत नाही. सगळा दाब पायानेच द्यायचा तर पेडल दगडासारखं लागतं.

आकाराचा हिशेब सोपा आहे, पण विकणारे तो कधी मांडत नाहीत. १८ इंच (पाऱ्याच्या उंचीत मोजलेला) व्हॅक्यूम असेल तर डायफ्रॅमच्या, म्हणजे बूस्टरमधल्या रबरी पडद्याच्या, दर चौरस सेंटीमीटरवर साधारण ०.६२ किलो जोर पडतो. ७ इंची सिंगलला त्यातून कागदावर दीडशे किलोच्या आसपास मिळतात, ९ इंचीला अडीचशे, आणि ८ इंची डबलला चारशे. मधला हब आणि कडेची पकड वजा जाता प्रत्यक्षात सगळेच आकडे खाली येतात, पण क्रम तोच राहतो. ९ इंची सिंगल स्वस्त पडतो. इंजिनाजवळ जागा असेल आणि आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) १८च्या वर व्हॅक्यूम मिळत असेल, तर जास्तीचे पैसे घालवू नका. इथे व्हॉल्व कव्हर आड येत होतं आणि आयडलला गेज १७ दाखवत होता, म्हणून ८ इंची डबल.

फायरवॉलवर बसवायला अर्धा दिवस पुरतो. ब्रॅकेट, चार नट, पेडलची पिन, व्हॅक्यूमचा पाइप. मास्टर सिलिंडरमधली हवा आधी बाकावर काढून घ्यायची, मग गाडीवर चढवायचा. इथवर तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती गाडी तापल्यावर. पहिली काही मिनिटं सगळं ठीक. मग पेडल हळूहळू वर येतं, कडक होतं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी जड चालते आणि पुढचे हब हात लावता येणार नाही इतके गरम होतात. अर्धा तास उभी ठेवली की दोष गायब. कारण असं की पुशरॉड लांब पडला तर पेडल मोकळं असतानाही पिस्टन किंचित पुढे ढकललेला राहतो. त्याचं रबर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकून टाकतं. ब्रेक ऑइल तापून फुगलं की त्याला टाकीत परतायला वाट उरत नाही, दाब वाढतो, पॅड डिस्कवर घासतात, त्यामुळे ऑइल आणखी तापतं.

किट विकणाऱ्यांच्या मदत-कक्षाचं यावर ठरलेलं उत्तर: 'पुन्हा हवा काढा.' अहो, लाइनमध्ये हवा असली तर पेडल खाली बसतं, वर येत नाही! दुसऱ्या फोनला कॅलिपरवर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागावर, संशय. तिसऱ्या फोनला 'गाडी आणून दाखवा', आणि गाडी तिथे पोचून तपासणीची पाळी येईपर्यंत थंड झालेली, म्हणजे निर्दोष.

कॅलिपर बदलायच्या आधी ही तपासणी करा, फुकट आहे. गाडी तापून ब्रेक अडकलेले असतानाच इंजिन बंद करा, पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा, आणि मास्टर सिलिंडरचे दोन नट दीड-दोन मिलिमीटर सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष पुशरॉडच्या किंवा पेडलच्या बाजूला आहे. नाही झालं तर मास्टर सिलिंडरवरचा पाइपचा नट जरासा उघडा. ऑइल उडून चाक सुटलं तर परतीचं भोक आतून बंद आहे. तरीही सुटलं नाही तर चाकाजवळचा रबरी होज आतून फुगलेला असणार, नाहीतर कॅलिपरच अडकलेला. पेडलच्या बाजूला एक चोर हमखास असतो: ब्रेक लाइटचा स्विच. तो जास्त पुढे आला असेल तर पेडल पूर्ण मागे येत नाही आणि बूस्टर कायम थोडा लागलेला राहतो. पुशरॉडला हात लावण्याआधी हा स्विच बघा.

आता फट मोजण्याबद्दल. व्हर्नियरने बूस्टरच्या तोंडापासून रॉडची उंची आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनच्या खड्ड्याची खोली घ्यायची आणि वजाबाकी करायची, ही सरळ रीत झाली. पण ती इंजिन बंद असताना केली तर फसवते. इंजिन चालू झालं की बूस्टरच्या आत व्हॅक्यूम, बाहेर वातावरणाचा दाब. पुढचा पत्रा किंचित आत दबतो आणि मास्टर सिलिंडरला घेऊन रॉडच्या जवळ सरकतो. थंड, बंद इंजिनावर दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची फट चालू इंजिनावर जवळजवळ शून्यावर येऊ शकते. काही कंपन्यांच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मोजणी इंजिन चालू ठेवून करायला सांगितली आहे, ती यासाठीच.

त्यासाठी मुलांची प्लॅस्टिसिन सगळ्यात बरी. वाटाण्याएवढी गोळी पिस्टनच्या खड्ड्यात तळाला दाबायची, रॉडच्या टोकाला ग्रीसचं बोट पुसायचं म्हणजे गोळी चिकटून येत नाही. मास्टर सिलिंडर जागेवर बसवून दोन्ही नट पूर्ण आवळायचे. इंजिन मिनिटभर आयडलवर. पेडलला अजिबात पाय लावायचा नाही. मग बंद करून, पेडल न दाबताच, बूस्टरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्वचा (व्हॅक्यूम परत निसटू न देणारी झडप) पाइप काढून व्हॅक्यूम सोडायचा, मास्टर सिलिंडर मागून उचलायचा आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजायची. ०.५ मिलिमीटर आली की झालं. ही बाजू पिस्टनच्या कोरड्या अंगाची आहे, त्यामुळे ऑइलमध्ये काही जात नाही, तरी कण न कण पुसून काढा.

फट जास्त ठेवून सुरक्षित राहू असं वाटत असेल तर गुणाकार करा. पेडलचं गुणोत्तर ४:१ असेल तर ३ मिलिमीटरच्या फटीत पायाखालचे १२ मिलिमीटर फुकट जातात. आणि रॉडचं टोक फिरवताना रॉड बाहेर ओढू नका. बऱ्याच बूस्टरमध्ये रॉडच्या बुडाशी रबराची चकती नुसती टेकलेली असते. ती आत निसटली की ब्रेक बोटाच्या दाबानेही झटक्यात लागतात, आणि ती परत बसवायला बूस्टर उघडावा लागतो. रॉड पान्याने धरा, टोक दुसऱ्या पान्याने फिरवा. तुमच्या किटमधला रॉड न फिरणारा असेल आणि लांब पडत असेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टरच्या मध्ये पातळ शिम (पत्र्याची चकती) चालतो. आखूड पडत असेल तर लांब रॉडच मागवावा लागेल.

फट बरोबर बसल्यावरही सुरुवातीला या बूस्टरबद्दल मत फारसं चांगलं नव्हतं. ब्रेक फार तिखट वाटायचे, हळू थांबणं जमतच नव्हतं. ८ इंची डबल या वजनाच्या गाडीला जास्त होतो, असंच इथे लिहिणार होतो. ते मत आता मागे घेतो. खोट पेडलच्या भोकात होती. कित्येक जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पेडलला दोन भोकं असतात: वरचं, साध्या ब्रेकसाठी, साधारण ६:१ देणारं, आणि खालचं, बूस्टरसाठी, ४:१च्या आसपास. वरच्या भोकात बूस्टर जोडला तर पाय आणि बूस्टर दोघंही जोर वाढवतात. खालच्या भोकात पिन घातल्यावर ब्रेक पायाच्या दाबाप्रमाणे वाढत जातात, आणि आताशा गर्दीत रेंगाळतानाही त्रास नाही. ब्रॅकेट तिरपा दिलेला असतो तो रॉड या खालच्या भोकाला सरळ यावा म्हणून. कागदात हेही नाही, अर्थात.

मास्टर सिलिंडर १ इंच बोअरचाच ठेवला. एका सुताने मोठा, म्हणजे १⅛ इंची घेतला तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के वाढतं, पेडल कमी जातं, पण तेवढ्याच जोरात दाब पाचव्या हिश्श्याने कमी मिळतो. ज्यांच्या पुढे मोठे कॅलिपर आहेत आणि पेडल खोल जातं त्यांनी विचार करावा.

व्हॅक्यूमचा पाइप किटमधलाच वापरा. पेट्रोलचा पाइप घातला तर आतून चोखला जाऊन चपटा होतो आणि ब्रेक कधी हलके, कधी कडक लागतात. जोड इनटेक मॅनिफोल्डच्या मुख्य पोकळीला द्या. कार्बोरेटरवरच्या डिस्ट्रिब्यूटरसाठीच्या बारीक नळीवर नाही, तिथे आयडलला व्हॅक्यूम नसतोच.

इतक्या महिन्यांनंतरही नॉन-रिटर्न व्हॉल्व एकदम चोख आहे, याचं खरंच आश्चर्य वाटलं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी न लावता पेडल दाबलं तरी पहिले दोन दाब हलके जातात. बंद इंजिनावर व्हॅक्यूम संपवून, पेडल दाबून धरून इंजिन चालू केलं की पेडल पायाखाली किंचित खाली जातं, म्हणजे बूस्टर जिवंत आहे. क्रोमला मात्र मास्टर सिलिंडरच्या खाली फोड आले आहेत. तिथे ओल दिसली तर पुसून सोडून देऊ नका. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळत असेल तर ऑइल बूस्टरच्या आत जातं आणि डायफ्रॅम खातं. इथे नट काढून बघितलं, आत कोरडं आहे, बाहेरचं क्रोमच हलकं आहे.

गरम कॅमशाफ्टवाल्यांनी (जास्त ताकदीसाठी बदललेला, आयडलला व्हॅक्यूम कमी देणारा कॅमशाफ्ट) हा घेण्याआधी गेज लावून बघावं. आयडलला, गिअर टाकून, १४ इंचांच्या खाली काटा जात असेल तर डबल डायफ्रॅमही पुरणार नाही. मग विजेवरचा व्हॅक्यूम पंप, नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट. समुद्रसपाटीचा आकडा घाटावर धरू नका, दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. आणि व्हॉल्वचा रबरी ग्रोमेट एक जास्तीचा मागवून ठेवा, इंजिनाच्या उष्णतेने तोच आधी कडक होतो आणि किटवाले तो सुटा देताना परत तीन फोन करायला लावतात.