नमुना एक, माल दुसरा: १२० टी-शर्टच्या ऑर्डरमध्ये आमची झालेली फसवणूक

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला २०२५ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली. शताब्दी सोहळ्याच्या स्वयंसेवकांसाठी आम्ही १२० कॉलरचे टी-शर्ट करून घेतले आणि त्या व्यवहारात आम्हाला पद्धतशीर फसवलं गेलं. पैसे वाचनालयाचे, म्हणजे पाचशे-पाचशे रुपये देणाऱ्या सभासदांचे होते. कार्यकारिणीत ही जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून मी लिहिते आहे. गणेश मंडळं, ढोल-ताशा पथकं, शाळांचे माजी विद्यार्थी, ट्रेकिंगचे ग्रुप अशाच ऑर्डरी देत असतात, आणि ज्या जागी आम्हाला फसवलं ती जागा माल हातात येईपर्यंत दिसत नाही.

विक्रेता पुण्याचा. त्याचं पान इन्स्टाग्रामवर आहे, काम नीटनेटकं दिसतं, बोलणं गोड. ठरलं ते असं: मरून रंगाचं मॅटी कापड (कॉलरच्या टी-शर्टचं जाळीदार विणीचं), शंभर टक्के कॉटन, २२० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २२० ग्रॅम. डाव्या छातीवर साडेतीन इंची गोल बोधचिन्ह, एम्ब्रॉयडरीत. पाठीवर शताब्दीची एक ओळ, पांढऱ्या शाईत स्क्रीन प्रिंट. टी-शर्टचे २९० रुपये, एम्ब्रॉयडरीचे ७०, पाठीच्या प्रिंटचे ५०, असे नगाला ४१०. शिवाय बोधचिन्हाच्या पंचिंगचे, म्हणजे मशिनसाठी टाक्यांची संगणकीय फाइल बनवण्याचे, ६०० आणि स्क्रीन, म्हणजे ज्या जाळीतून शाई कापडावर उतरवतात ती, बनवण्याचे ५००. वर पाच टक्के जीएसटी. सगळे मिळून ५२,८१५ रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे माल निघण्यापूर्वी.

पाठीवरही एम्ब्रॉयडरीच करा, असा त्याचा आधी फार आग्रह होता. "मॅडम, प्रिंट उडतं, धागा आयुष्यभर राहतो." हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसापासून जपून राहावं लागतं. एम्ब्रॉयडरीचा दर टाक्यांवर असतो. छातीवरचं छोटं चिन्ह पाच ते दहा हजार टाक्यांत बसतं, पण पाठभर अक्षरं भरायची तर टाके सहज पन्नास हजारांच्या घरात जातात. खर्च त्या प्रमाणात वाढतो, कापड मागे ओढलं जातं, आणि टाक्यांना आधार म्हणून आतून लावलेला पेपर घाम आला की पाठीला टोचतो. स्क्रीन प्रिंटमध्ये प्रत्येक रंगाला एक वेगळी स्क्रीन लागते. तो खर्च एकदाच होतो, मग दहा नग छापा की दोनशे. म्हणून एकरंगी ओळ आणि शंभरावर नग असतील तर स्क्रीन प्रिंट स्वस्तही पडतं आणि अंगालाही हलकं राहतं. आम्ही पाठीसाठी प्रिंटवर ठाम राहिलो. त्यानं मान्य केलं.

नमुना त्यानं कुरिअरनं पाठवला आणि तो खरोखर उत्तम होता. कापड जाड, मऊ. दिवा आणि उघडं पुस्तक असं आमचं चिन्ह भरीव उठलेलं. भोवतीच्या वर्तुळात वाचनालयाचं पूर्ण नाव, अक्षरं मात्रेसकट जेमतेम ८ मिलिमीटर उंचीची, तरी 'सार्वजनिक'मधला रफार आणि 'ग्रंथालय'वरचा अनुस्वार स्वच्छ वाचता येत होता. पाठीवरची शाई कापडात बसलेली. कार्यकारिणीच्या बैठकीत सगळ्यांनी तो हाताळला. "अगदी असाच माल हवा" असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून नमुन्याच्या फोटोसह मी ऑर्डर पक्की केली. त्याचं "डन मॅडम, सेम टू सेम" हे उत्तर आजही माझ्याकडे आहे.

पुढे तारखा सरकू लागल्या. आधी कारागीर गावाला गेले, मग मशिन बंद पडलं, मग धाग्याची शेड संपली. आता मागे वळून पाहताना मला खात्री वाटते की हा उशीर योजनेचाच भाग होता. सोहळ्याच्या तोंडावर आलेला माल कुणी परत पाठवू शकत नाही, हे अशा माणसाला पक्कं ठाऊक असतं. उरलेले पैसे देण्यापूर्वी मी मालाचा व्हिडिओ मागितला. घड्या घातलेल्या टी-शर्टच्या चळती, वरच्या टी-शर्टवर आमचं चिन्ह, सगळं बरोबर दिसत होतं. टाक्यांची घनता आणि कापडाची जाडी व्हिडिओत दिसत नाही. पैसे गेले आणि खोकी सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी आली.

पहिला टी-शर्ट उलगडताच आमच्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "हे 'सावजनिक' काय लिहिलंय?" रफार नाहीसा झाला होता. 'ग्रंथालय'च्या अनुस्वाराची धाग्याची एक गाठ झाली होती. 'शताब्दी'मधला 'ब्द' नुसता ठिपका. पुस्तकाच्या पानांतून मागचं मरून कापड दिसत होतं आणि चिन्हाभोवती चुण्या पडल्या होत्या. पाठीवरची पांढरी ओळ पांढरी नव्हती, गुलाबी छटेची होती, आणि तिच्यावरून बोट फिरवलं तर प्लॅस्टिकचा पापुद्रा लागत होता. एका शाळकरी स्वयंसेवकानं नखानं कड उचलली, तर अक्षराचा कोपरा सुटून आला.

सोहळा त्याच टी-शर्टवर पार पडला. शंभर वर्षांच्या संस्थेचं नाव चुकीचं लिहिलेलं अंगावर घेऊन आमची मुलं पाहुण्यांचं स्वागत करत होती. मला ते अजूनही फार लागतं.

फसवणूक नेमकी कुठे झाली हे मात्र आम्हाला सातारच्या एका एम्ब्रॉयडरीवाल्या काकांनी दाखवलं. त्यांचं स्वतःचं बारा हेडचं, म्हणजे एका वेळी बारा नग भरणारं मशिन आहे. नमुना आणि माल शेजारी ठेवून त्यांनी दोन्ही उलटे केले. चांगल्या भरणीत टाक्यांच्या दोन ओळींमधलं अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि वरच्या भरणीखाली आधाराचे टाके आधी घातलेले असतात. आमच्या नमुन्यात दोन्ही होतं. मालात खालचे टाके काढून टाकलेले आणि वरच्या ओळी विरळ केलेल्या. "नमुना नऊ हजार टाक्यांचा असेल," काका म्हणाले, "आणि हा माल पाच-साडेपाच हजारांचा. फाइल बदलली आहे." मशिन मिनिटाला साधारण आठशे टाके घालतं. नऊ हजारांना अकरा मिनिटं लागतात, साडेपाच हजारांना सात. असा व्यापारी काम बाहेर जॉबवर देतो आणि तिथं पैसे हजार टाक्यांमागे मोजतो. आमच्याकडून ७० रुपये पूर्ण भरणीचे घेतले, कारागिराला मोजले निम्म्याच्या थोडे वर टाक्यांचे.

बारीक अक्षरांचं कोडंही त्यांनीच सोडवलं. नमुन्यात बारीक धागा आणि बारीक सुई वापरून, मशिन हळू चालवून ती अक्षरं काढली होती. मालात नेहमीचा जाड धागा आणि नेहमीची सुई. आपल्या लिपीला हे जास्त बाधतं. इंग्रजी अक्षर एका ओळीत संपतं, आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार असतो, मध्ये शिरोरेषा. आठ मिलिमीटरमध्ये हे सगळं बसवायचं तर प्रत्येक घटकाला दीड-दोन मिलिमीटर उरतात, आणि तेवढ्यात जाड धाग्याला वळता येत नाही. प्रामाणिक कारागीर पहिल्याच दिवशी सांगेल की नाव प्रिंटमध्ये घ्या आणि एम्ब्रॉयडरीत फक्त चिन्ह ठेवा. आमच्या माणसाला हे ठाऊक होतं, नाहीतर नमुन्यासाठी वेगळा धागा त्यानं लावलाच नसता. याच मुद्द्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

पाठीचा प्रकार वेगळा. ते स्क्रीन प्रिंट नव्हतंच, डीटीएफ होतं. त्यात एका फिल्मवर मजकूर छापतात, त्यावर गोंदाची पूड टाकून भाजतात आणि गरम प्रेसखाली ते कापडावर चिकटवतात. चार-पाच नग किंवा बहुरंगी फोटो असेल तर ही पद्धत सोयीची आहे आणि नीट केली तर टिकतेही. पण तिला स्क्रीन लागत नाही. म्हणजे स्क्रीन बनवण्याचे ५०० रुपये त्यानं कधीच न बनवलेल्या स्क्रीनचे घेतले. आणि गुलाबी छटा? काकांनी कापडातूनच एक धागा ओढून पेटवला. कॉटन कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. इथं थोडी राख आणि थोडा मणी. कापड पॉलिस्टर-कॉटन मिश्र होतं, व्यापारात ज्याला पीसी म्हणतात ते. पॉलिस्टरला दिलेला गडद रंग प्रेसच्या उष्णतेनं सुटून वर येतो आणि पांढऱ्या थरात शिरतो. मरून, लाल आणि नेव्ही ब्लू हे त्यात सगळ्यात वाईट. शुद्ध कॉटनवर हे असं झालंच नसतं.

जाडीचं मोजमाप तर पाच मिनिटांत झालं. जीएसएम कटरनं कापडाचा १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कापायचा, वजन करायचं, शंभरनं गुणायचं. नमुन्याचा गोल २.२ ग्रॅम भरला, मालाचा १.७६. म्हणजे २२० सांगून १७६ दिलं. पातळ कापडावर जड टाके बसले की चुण्या पडतात, त्या आम्ही पाहिल्याच होत्या.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याचं उत्तर होतं, "बल्कमध्ये थोडं उन्नीस-बीस होतंच. हाताचं काम आहे." संगणकावरच्या फाइलवर चालणाऱ्या मशिनबद्दल तो हे सांगत होता. टाक्यांची फाइल पाठवा म्हटलं, पंचिंगचे पैसे आम्ही दिलेत, तर "फाइल आमची प्रॉपर्टी आहे" म्हणाला. मग "वापरलेला माल परत घेत नाही" असा मेसेज आला आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

बिलाचं आणखी वेगळंच निघालं. त्यावर जीएसटीचा पंधरा अंकाक्षरी क्रमांक होता, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ही होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकल्यावर नोंदणी रद्द झालेली दिसली. म्हणजे आमच्याकडून कर म्हणून घेतलेले २,५१५ रुपयेही त्याच्याच खिशात. हा शोध कुणालाही फुकट आणि लॉगिन न करता घेता येतो. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तेवढं पाहाच.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग वकिलामार्फत रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. नोटीस पोचल्यावर माझ्या खात्यात अचानक १०,००० रुपये आले, सोबत "फुल अँड फायनल" असा संदेश. ते अंतिम म्हणून स्वीकारलेले नाहीत, असं आम्ही त्याच दिवशी लेखी कळवलं. असं करायला विसरू नका, कारण गप्प राहिलात तर पुढे तेच तुमच्याविरुद्ध दाखवतात. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून आम्हाला पुण्याला जावं लागलं नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. नमुना, मालातले चार न धुतलेले टी-शर्ट, कापडाचे दोन्ही गोल आणि व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं बोलणं आम्ही जोडलं आहे.

पुढच्या वाचन शिबिराचे टी-शर्ट काकांनीच केले. छातीवर फक्त दिवा, पुस्तक आणि '१९२५', वाचनालयाचं पूर्ण नाव पाठीवर स्क्रीन प्रिंटमध्ये. या वेळी ऑर्डरच्या कागदावर कापडाचं मिश्रण, जीएसएम, टाक्यांची संख्या, धाग्याची जाडी आणि शाईचा प्रकार लिहिला, फाइल आम्हाला देण्याचं लिहिलं, आणि मालातला कुठलाही नग नमुन्याशी जुळला नाही तर पूर्ण माल परत, हेही. नमुन्याच्या आतल्या बाजूवर दोघांनी सह्या केल्या. पहिले बारा नग निघाल्यावर आमच्यातला एक जण जाऊन ते उलटे करून पाहून आला आणि मगच पुढचं काम सुरू झालं. काकांना यातल्या कशाचाही राग आला नाही.

त्या विक्रेत्याचं पान आता वेगळ्या नावानं सुरू आहे. आम्हाला पाठवलेल्या नमुन्याचा फोटो, आमच्या दिव्या-पुस्तकासकट, त्यानं तिथं जाहिरात म्हणून लावला आहे. तेव्हा अशा पानावरचे सुंदर फोटो पाहून दर विचारण्याआधी, ज्या संस्थेचं चिन्ह फोटोत दिसतं तिला शोधून एक फोन करा. आम्हाला कुणी असा फोन केला तर आम्ही सगळे कागद दाखवू.