मोटारीचा पतंग की फोमचे विमान?

रेडिओच्या रिमोटवर विमान उडवायला शिकायचे ठरले की बहुतेक जाणकार धडाच्या वर पंख असलेले, शिकाऊंसाठीचे फोमचे ट्रेनर विमान घ्यायला सांगतात, आणि त्यांचा सल्ला चुकीचा आहे असे म्हणण्याइतका माझा अधिकार नाही. मीही आधी तेच घेतले. दीड वर्षाने नायलॉनच्या कापडाचा, कार्बनच्या दांड्यांचा, नाकाशी मोटार असलेला त्रिकोणी पतंग घेतला. तेव्हापासून दोन्ही माझ्याकडे आहेत, पण रविवारी पहाटे स्कूटरवर बसतो तो बहुधा पतंगच.

हाताला वळण लावण्याच्या बाबतीत पतंग उजवा वाटतो, कारण तो चुकीनंतर विचार करायला सवड देतो. यंत्र आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, आणि नवशिक्याची गाळण तिथेच उडते. जो पंख खाली झुकला असेल त्याच्याकडे रिमोटवरची काडी ढकलायची, ही साधी युक्ती मला फोमच्या विमानावर सांगूनही जमली नव्हती, कारण ती आठवेपर्यंत विमान बाभळीत गेलेले असे. पतंग जवळजवळ सायकलच्या वेगाने येतो, त्यामुळे युक्ती आठवते, वापरता येते आणि दोन-तीन सकाळींत अंगवळणी पडते. मात्र पतंगाची सवय विमानाला तशीच्या तशी लागू पडत नाही. पतंगात उंची मुख्यतः मोटारीच्या जोरावर ठरते. जोर वाढवला की नाक वर येते, कमी केला की तो पानासारखा उतरतो. विमानावर आलेल्याला हे आधी विचित्र वाटते.

माझा कौल फिरवला तो मात्र एका किरकोळ वाटणाऱ्या कटकटीने. सोलापूरचा मे महिना कसा असतो हे इथल्यांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर असताना माझ्या विमानाचे पंख पत्र्याखालच्या माळ्यावर पडून होते. जूनच्या सुरुवातीला विमान डावीकडे कलू लागले, म्हणून मी ट्रिम, म्हणजे रिमोटवरची बारीक जुळवणीची कळ, तीन खाचा उजवीकडे दिली आणि ते सरळ उडू लागले. पण उतरवताना वेग कमी केला की पुरुषभर उंचीवर डावा पंख अचानक खाली जाई आणि नाक काळ्या मातीच्या भेगेत. दोन रविवार मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. तिसऱ्या वेळी नाक चिकटवताना सहज दोन्ही पंख सोडवून घरातल्या शहाबादी फरशीवर ठेवले. उजव्याचा मागचा काठ फरशीला टेकून बसला आणि डाव्याच्या टोकाखाली दोन नाणी आरामात सरकली. उन्हाने फोम पिळला होता आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते. वाफेवर धरून उलटा पीळ दिला, तो पंधरवडाभर टिकला आणि पुन्हा हळूहळू परतला. गार खोली किंवा पंख सपाट ठेवायला मोठे कपाट असणाऱ्याला कदाचित हा त्रास होणार नाही. माझ्याकडे दोन्ही नाही.

पतंगाचे कापडही बिघडते, पण बिघाड दिसतो. मागे एकदा बाभळीच्या काट्याने कापड वीतभर फाटले, तेव्हा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारागिराकडून ते शिवून घेतले. त्याने जाड दोऱ्याची दुहेरी शिवण मनापासून घातली आणि शिवणीच्या बाजूने कापडाला बारीक चुण्या पडल्या. पतंग त्याच बाजूला वळू लागला, आणि का वळतो हे विचारायला कुणाकडे जावे लागले नाही. शिवण उसवून दोन्ही बाजूंनी नायलॉनची चिकटपट्टी लावली, तसा तो सरळ झाला. लहानपणी एका अंगाला झुकणाऱ्या पतंगाच्या दुसऱ्या काठाला आपण चिंधी बांधत असू, त्याच जातीची ही दुरुस्ती आहे. कापडी पंखाला आकार देते ती हवा आणि कापडाचा ताण. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याला १९५१ साली ज्या लवचीक पंखाचे पेटंट मिळाले, त्याचेही मर्म हेच होते.

ट्रिमचे काम पतंगात एकाच क्रमाने करावे. आधी मागचे दोन्ही एलेव्हॉन, म्हणजे मागच्या काठाच्या वरखाली हलणाऱ्या पट्ट्या, तपासावेत. काडी आपल्याकडे ओढली की दोन्ही वर, उजवीकडे ढकलली की उजवा वर आणि डावा खाली. हे उलटे असेल तर पतंग हातातून सुटताच जमिनीत जाईल. मग दोन्ही एलेव्हॉन अगदी थोडे वर ठेवून, मोटार बंद करून, गवतावर वारा येतो त्या बाजूला तोंड करून पतंग हलकेच सोडावा. नाक खाली घालून गोता खाल्ला तर बॅटरी नखभर मागे, नाक उचलून थबकला आणि मग आपटला तर नखभर पुढे सरकवावी. रिमोटच्या खाचांना हात लावण्याआधी बॅटरी आणि कापडाचा ताण जुळवून घ्यावा. मी सुरुवातीला नेमके उलट करत असे, आणि त्यात एक डिसेंबर गेला.

वाऱ्यात मात्र फोमचे विमान निर्विवाद सरस आहे. जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात पतंग पुढे जाण्याऐवजी जागीच उभा राहतो, कधी मागेही सरकतो, आणि तो परत आणण्याची धडपड मजेची नसते. थंडीतही सूर्य वर आला की जमीन तापते आणि पतंग हिंदकळू लागतो, त्यामुळे तो पहाटेचा दीड तासच आपला. संक्रांतीच्या आठवड्यात, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, मी तो बाहेर काढत नाही. दुसऱ्यांचा मांजा पंख्यात अडकला तर मोटार जळते. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या बाजूला दोन्हींपैकी काहीच उडवू नये, आणि इतरत्रही कुठे उडवता येते हे दाखवणारा, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा. नान्नजकडचा माळ कितीही मोहात पाडत असला तरी तो माळढोकांसाठी सोडावा.

ज्याला पुढे वेगवान विमाने उडवायची आहेत, किंवा जो फक्त संध्याकाळी मोकळा असतो, त्याने फोमचेच घ्यावे असे मला प्रामाणिकपणे वाटते. बाकीच्यांनी पतंग घ्यायला हरकत नसावी. फक्त मधला आडवा कार्बनचा दांडा एक जास्तीचा मागवावा. तो इथल्या दुकानांत मला मिळाला नाही, टपालाने यायला आठवडा लागतो, आणि मोडलेल्या दांड्याची कुसळे चिमट्यानेच काढावी लागतात.