घरोघरी प्रगणक, मोबाईलचा डेटा की एसटीचं तिकीट? प्रादेशिक वाहतूक आराखड्यासाठी काय निवडावं

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज हा पट्टा घ्या. घर एका गावात, काम शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, मुलगी तिसऱ्याच शहरात कॉलेजला आणि मोठं दुखणं निघालं की मिरज. अशा प्रदेशाचा वाहतूक आराखडा करायला घेतला की रस्ते, बस, रेल्वे यांच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. लोक कुठून कुठे, कशाने आणि कशासाठी जातात, हे कळायचं कसं?

हल्ली मोबाईल डेटाकडे, म्हणजे फोन कोणत्या टॉवरजवळून कुठे गेला याच्या मोबाईल कंपन्यांकडच्या नोंदींकडे, कल आहे. लाखो लोकांची माहिती, तीही महिन्याभरात, प्रगणकांची फौज न नेमता. माझं मत आधीच सांगून टाकतो: घरभेट सर्वेक्षण हवं तर लहान करा, पण रद्द करू नका. बाकी सगळी साधनं त्याच्या जोडीला घ्या.

घरभेट सर्वेक्षण

प्रगणक दारात उभा राहून विचारतो, "काल कुठे कुठे गेला होता?" घरातली बाई म्हणते, "कुठे नाही, घरीच होते." घाईतला प्रगणक शून्य लिहून पुढच्या दारी जातो. चांगला प्रगणक थांबतो. सकाळी दूध घालायला कोण गेलं? पोराला शाळेत कोणी सोडलं? दळण, रेशन, बचत गटाची बैठक? हळूहळू चार-पाच फेऱ्या निघतात, बहुतेक पायी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे 4 ते दुसऱ्या दिवशी पहाटे 4 असा अख्खा दिवस क्रमाने विचारतात. आपल्या फॉर्मनेही तीच पद्धत घ्यावी, कारण "किती फेऱ्या?" असं विचारलं की लोक फक्त नोकरीची फेरी सांगतात.

या खोदून विचारण्याचं मोल किती, ते मुंबईत दिसलं. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) 2005 ते 2008 मध्ये केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात सुमारे 66,000 घरांत प्रगणक गेले, आणि महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून जास्त फेऱ्या निव्वळ पायी होतात हे आकड्यांत आलं. लोकलच्या गर्दीकडे बघून हे कोणाला सुचलं नसतं.

दोष आहेतच. काम महागडं आहे आणि वेळ खातं. अपार्टमेंटचा वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो. घरात असलेला माणूस नसलेल्यांच्या फेऱ्या अंदाजाने सांगतो. आणि सगळ्यात मोठी मर्यादा गणिताची आहे: प्रदेशाचे 300 झोन, म्हणजे लहान भाग, केले तर कुठून-कुठे या तक्त्यात 90,000 रकाने होतात. कुठल्याही परवडणाऱ्या सर्वेक्षणाने ते भरत नाहीत, बहुतेक रिकामेच राहतात.

मोबाईल डेटा

नेमके ते रिकामे रकाने भरायला मोबाईल डेटा उत्तम. जयसिंगपूरहून कोल्हापूरकडे मंगळवारी किती माणसं गेली, रविवारी किती, यात्रेच्या दिवशी किती, हे तो दाखवतो. एका दिवसाच्या सर्वेक्षणाला हे जमत नाही. या पट्ट्यात तर हंगाम फार महत्त्वाचा. ऊस गाळप सुरू असताना रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या फेऱ्या गायब होतात. मेमध्ये मोजलेल्या आकड्यांवर अख्ख्या वर्षाचा आराखडा बांधू नये.

पण हा डेटा टॉवरशी बांधलेला असतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, शिवारात काही किलोमीटरवर एक. अर्ध्या किलोमीटरची फेरी त्यात दिसतच नाही, म्हणजे वर सांगितलेली बाई पुन्हा "घरीच" ठरते. फोन बसमध्ये होता की मोटरसायकलवर, हे कळत नाही. एकाच रस्त्यावर दोन्हींचा वेग सारखाच असतो. एकाकडे दोन सिम, दुसऱ्या घरात चौघांत मिळून एकच स्मार्टफोन. शिवाय एकाच कंपनीचे ग्राहक म्हणजे सगळा प्रदेश नव्हे. त्यामुळे आकडे फुगवून लोकसंख्येला जुळवावे लागतात, आणि हे कसं केलं ते विकणारा बहुधा सांगत नाही. ते लेखी मागा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर एकेका माणसाचा माग घ्यायचाच नाही. झोननिहाय बेरजा घ्या आणि अगदी लहान आकडे झाकायला सांगा.

तिकीट मशीन आणि टोल

हा डेटा आधीच सरकारी यंत्रणेकडे पडून आहे, आणि तो इतका कमी वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. एसटीच्या कंडक्टरच्या मशीनमधून निघालेल्या प्रत्येक तिकिटावर कुठून, कुठे, किती वाजता आणि कोणती सवलत हे असतं. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बायका कोणत्या मार्गावर किती प्रवास करतात हेही त्यातून वेगळं काढता येतं. मात्र तिकीट थांब्यापासून थांब्यापर्यंतचंच; थांब्याआधीचा दोन किलोमीटरचा पायी रस्ता त्यात नाही. पासवर जाणारी पोरं रोज नोंदली जातीलच असं नाही. आणि बसच नाही म्हणून जो गेलाच नाही, त्याची नोंद कुठल्याच मशीनमध्ये नसते.

टोलचं थोडक्यात. समृद्धी महामार्गावर चढताना आणि उतरताना दोन्हीकडे नोंद होते, म्हणून वाहन कुठून कुठे गेलं हे कळतं. साध्या टोलनाक्यावर फक्त गाडी तिथून गेली एवढंच. जनगणनेचा भरवसा सध्या धरू नका: 2011 मध्ये कामाच्या प्रवासाचं अंतर आणि साधन विचारलं होतं, पण शेतीबाहेरच्या कामगारांपुरतं, आणि तेव्हापासून या पट्ट्यात बरंच बदललं आहे.

मॉडेल कोणतं?

जमवलेल्या माहितीवरून उद्याच्या प्रवासाचा अंदाज काढणारं गणित म्हणजे मॉडेल. त्याचे दोन मुख्य पर्याय. चार टप्प्यांचं मॉडेल: फेऱ्या किती निघतात, कुठे जातात, कोणत्या साधनाने, कोणत्या रस्त्याने. दुसरं, दिनक्रमावर आधारित मॉडेल. त्यात प्रत्येक माणसाचा दिवस उभा करतात, म्हणजे कामावरून येताना भाजी घेणं आणि पोराला आणणं एकाच साखळीत येतं. कागदावर दुसरंच सरस. पण त्याला लोकांच्या दिवसभराच्या फेऱ्यांच्या, साखळीसकट तपशीलवार डायऱ्या लागतात आणि ते चालवणारी माणसं कार्यालयात लागतात. प्रादेशिक प्राधिकरणात एक-दोन नियोजक असतील तर चार टप्पेच घ्या, आणि वाचलेली ताकद तिसऱ्या टप्प्यावर लावा.

कारण फसगत तिथेच होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी दिलं जातं. अधिकृत अंदाज होता की 15 टक्के लोक रेल्वेने कामाला जातील. डॅनियल मॅकफॅडन यांच्या गटाने रेल्वे सुरू होण्याआधी प्रवाशांना वेळ, खर्च, चालणं हे सगळं विचारून निवडीचं मॉडेल बांधलं, त्यातून 6.3 टक्के आले. प्रत्यक्षात 6.2 निघाले. मॅकफॅडन यांना 2000 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो डेटा माणसांना विचारूनच आला होता. आपल्याकडे बसची खरी स्पर्धा दुचाकीशी आहे. पेट्रोल, थांब्यापर्यंतचं चालणं, रात्रपाळीनंतर बस मिळते की नाही, हे यंत्रमाग कामगाराला विचारल्याशिवाय तो टप्पा उभा राहत नाही.

मग ठरवताना

प्रश्न फक्त बायपास किंवा रुंदीकरणाचा असेल तर वाहनमोजणी, रस्त्यावर गाड्या थांबवून केलेला ओडी (कुठून-कुठे) सर्व्हे आणि मोबाईल डेटा पुरे. एसटी किंवा शहर बसचे मार्ग बदलायचे असतील तर तिकिटांपासून सुरुवात करा आणि जिथे बसच जात नाही त्या गावांत घरभेटी घ्या. पूर्ण प्रादेशिक आराखडा असेल तर दोन-तीन हजार घरांचं नीट केलेलं सर्वेक्षण, त्याला मोबाईल तक्त्याची जोड, आणि पडताळणीला नदीवरच्या पुलांवर प्रत्यक्ष मोजणी. पंचगंगा आणि कृष्णा ओलांडायला मोजकेच पूल आहेत, त्यामुळे इथे मॉडेलची चूक लपत नाही.

निविदेत एक अट ठळक टाका: नावं काढलेला कच्चा डेटा, झोनचे नकाशे आणि चालू शकणारी मॉडेल फाइल कार्यालयाच्या ताब्यात यायलाच हवी. नुसता पीडीएफ अहवाल स्वीकारला तर पाच वर्षांनी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागते.