मोठ्या टाइपातली स्तोत्रसंहिता

भायखळ्याच्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली ही मराठी स्तोत्रसंहिता (बायबलमधील स्तोत्रांचे पुस्तक) टाइप मोठा असूनही पर्समध्ये मावते आणि लोकलच्या गर्दीत एका हाताने उघडताही येते. १५० स्तोत्रांचे पाचही भाग नव्या पानावर सुरू होत असल्यामुळे पहिल्या चार भागांच्या अखेरीस येणारे स्तुतिवचन, तसेच शिंग, वीणा, डफ आणि झांजांसह प्रत्येक प्राण्याला स्तवनात ओढून घेणारे शेवटचे स्तोत्र चटकन नजरेत भरते. १७६ वचनांचे ११९वे स्तोत्र मात्र त्याचे २२ खंड वेगळे न दाखवता सलग छापले आहे, आणि रोज एकेक खंड वाचणाऱ्याची (असे वाचक आमच्या मंडळीत बरेच आहेत) त्यामुळे फारच अडचण होते. बांधणी शिवलेली नसून चिकटवलेली असल्याने पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकचे कव्हर घालून घ्यावे.