कॅशबॅक की माइल्स? लाइट बिलाच्या मागे मांडलेला हिशोब

रविवारी माझा वाकडचा मावसभाऊ आला आणि चहा व्हायच्या आतच विचारतो, ताई पॉइंट्सचं कार्ड घेऊ की सरळ कॅशबॅकचं, ऑफिसातला एकजण म्हणे माइल्सवर बिझनेस क्लासने सिंगापूरला जाऊन आला. म्हटलं थांब, ते लाइट बिल दे इकडे, मागची बाजू कोरी आहे, मांडूनच बघू.

कॅशबॅक म्हणजे खर्चातले थोडे पैसे सरळ परत; पॉइंट्सच्या कार्डात खर्चावर पॉइंट जमतात, ते विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलून त्यावर तिकीट काढायचं. तर मुळात पॉइंटवर किंमत छापलेली नसते, तो कुठे मोडता त्यावर ठरते. एचडीएफसीचं इन्फिनिया कार्ड घ्या, बँकेच्या पोर्टलवर विमानाच्या तिकिटाला लावला तर एक पॉइंट १ रुपयाचा, तोच बिलातून वळता करून घेतला तर ३० पैशांचा. म्हणून कोणी "५०,००० पॉइंट्स फ्री" म्हटलं की मी आधी विचारते, कशाचे आणि मोडणार कुठे?

एअरलाइनच्या माइल्सचा भाव काढणं सोपंय. तिकीट रोखीत कितीला आहे ते बघा, त्यातून माइल्स देऊनही जे टॅक्स आणि चार्जेस भरावेच लागतात ते वजा करा, उरलेल्याला माइल्सने भागा. समजा तिकीट ९,४०० चं, माइल्स लागतात ८,००० आणि वर १,४०० रुपये रोख, म्हणजे एक माइल पडला बरोबर १ रुपयाला. हे वरचे रोख पैसे एकदम शेवटच्या स्क्रीनवर दिसतात आणि लोक हिशोबात धरायलाच विसरतात.

आता भावाचा खर्च. ऑनलाइन वर्षाला साधारण ४ लाख. एसबीआयचं कॅशबॅक कार्ड ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के देतं, फी ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे सगळा खर्च त्यात बसणारा धरला तर २०,००० मिळाले, फी जाऊन १८,८०० च्या आसपास हातात. दुसरीकडे समजा माइल्सचं कार्ड आहे, १०० रुपयांना २ पॉइंट, एका पॉइंटचे २ माइल्स, फी ५,००० अधिक जीएसटी म्हणजे ५,९००. वर्षाचे झाले १६,००० माइल्स. रुपयाला एक धरला तर फी जाऊन उरले १०,१००, कॅशबॅकच्या जवळपास निम्मे! कॅशबॅकशी नुसती बरोबरी करायची तरी प्रत्येक माइलमागे दीड रुपयाच्या वर सुटायला हवेत.

तेवढे सुटतात का? सुटतात की, पण बहुतेक परदेशाच्या लांबच्या तिकिटात आणि त्यातही बिझनेस क्लासमध्ये. हा ऑफिसवाला म्हणतो माझा माइल ४ रुपयांना गेला, कारण दीड लाखाचं तिकीट माइल्सवर मिळालं. अरे पण ते दीड लाख तू खिशातून कधी दिले असतेस का? नसतेस ना, मग जे तिकीट तू एरवी काढलं असतंस त्याचा भाव धर. मी तरी असंच मोजते, लोकांना ते कंजूषपणाचं वाटतं.

शिवाय पुण्यातून परदेशाची थेट विमानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, माइल्सवाली चांगली सीट सापडते ती मुंबईहून, म्हणजे एक्सप्रेसवेचा टोल, कॅब, आणि रात्री दोनचं विमान असेल तर घरून संध्याकाळीच निघायचं. जाऊन येऊन पाच-सहा हजार तिथेच गेले. आणि भावाची मुलगी शाळेत, म्हणजे सुट्टी मे नाहीतर दिवाळी. नेमक्या तेव्हाच माइल्सच्या सीट्स मिळत नाहीत, त्यातून एकाच विमानात तीन? मंगळवारी उठून कुठेही जाऊ शकणाऱ्या एकट्या माणसाचा हा खेळ आहे, त्याने जरूर माइल्स घ्यावेत.

साठवून ठेवू म्हणाल तर तिथेही गोची. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स तीन वर्षांनी संपतात. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, लोकांचे पॉइंट्स तिकडे आले खरे पण नियम एअर इंडियाचे. माझे स्वतःचे ११,००० पॉइंट्स एका बँकेने मुदत संपली म्हणून उडवले, मेसेज आला होता म्हणतात, मी पाहिला नाही, चूक माझीच पण अजून चुटपुट लागते. कॅशबॅक निदान बिलातून वजा होऊन मोकळं होतं.

आणि हे सगळं बिल वेळेवर पूर्ण भरणाऱ्यासाठी हं. थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, मग कसले माइल्स अन् कसलं काय.

भावाला मी कॅशबॅक घे म्हटलं. कंपनी त्याला वर्षातून चार-पाच वेळा परदेशी पाठवायला लागली आणि तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढून नंतर पैसे मिळणार असतील, तर परत ये, तेव्हा आकडे उलटतील.

कागद घडी करून खिशात घालून गेला. मंगळवारी बिल भरायला बसले तर ग्राहक क्रमांकच नाही, फोन केला तर म्हणतो ताई राहू दे, नवीन कार्ड आलं की मीच भरतो, कॅशबॅक मिळेल. म्हटलं बाबा, लाइट बिल त्यात धरत नाहीत, तू नुसता नंबर सांग.